आल्याला सावली, सुनेला धाप

साताऱ्यातल्या छातीच्या एका दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं लोकांना टोचण्याचं काम केलं. इंजेक्शन देणारी नर्स वेगळी, तिला मान असतो, पेशंट तिला सिस्टर म्हणतात. मी ॲलर्जी शोधणारी. मला सगळे 'टोचणीच्या बाई' म्हणत. मी पुढून येत असले तरी दवाखान्यातले लोक पेशंटला माझ्याकडे बोट दाखवून तसंच सांगत. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या हलक्या हाताबद्दल सगळे गोड बोलले. माझ्या तोंडाबद्दल कुणी बोललं नाही, कारण ते हलकं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं कळवलं आहे. एखादी गंमत सांगते. पण माझ्या डोक्यात जी गोष्ट ठाण मांडून बसली आहे ती गमतीची नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मी काही हा लेख संपवणार नाही.

आधी काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पेशंटचा हात टेबलावर उताणा ठेवायचा. कोपर ते मनगट यांच्यामध्ये पेनाने खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब सोडायचा. एका थेंबात घरातल्या धुळीतल्या किड्यांचा अर्क, एकात झुरळाचा, एकात गाजर गवताच्या परागांचा, एकात एरंडाच्या, असे ओळीने. मग प्रत्येक थेंबातून कातडीला सुईचं टोक जरासं टेकवायचं. रक्त येत नाही. मग पेशंटला बसवून ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं. ज्या गोष्टीचं वावडं असेल त्या थेंबाखाली डास चावल्यावर उठते तशी गांध उठते. ती पट्टीने मोजायची. एवढंच. मांत्रिकाकडे जाऊन आलेले लोक माझ्या या कामाकडे जरा निराशेनेच बघत. त्यांना निदान धूप-अंगारा तरी अपेक्षित असायचा.

कामाचा दुसरा भाग गच्चीवर. रोज सकाळी दहा वाजता मी गच्चीत जाऊन काचेची एक पट्टी बदलत असे. पट्टीला व्हॅसलीन फासलेलं असतं, हवेत जे उडत असेल ते तिला चिकटतं. खाली आणून तिला गुलाबी रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजायचे. गाजर गवताचा कण काटेरी, धोत्र्याच्या फळासारखा. गवताचा गुळगुळीत. एरंडाच्या कणाला तीन चिरा. मंडईतली बाई भाजी बघून कुठल्या गावची ते सांगते, तशी मी काच बघून कुठला महिना चालू आहे ते सांगू शकत असे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आता गंमत. फलटणचे एक निवृत्त मास्तर पिशवी भरून फुलं घेऊन आले. त्यांना सतत शिंका. शेजाऱ्याचा बोगनवेल कुंपणावरून त्यांच्या अंगणात झुकला होता, आणि हाच आपला वैरी असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शेजाऱ्याशी भांडण, ग्रामपंचायतीत अर्ज, शेवटी एक दिवस शेजारी लग्नाला गेला असताना यांनी वेल बुडापासून तोडला. शिंका सुरूच. मग शेजाऱ्याच्या शेवंतीवर डोळा गेला. तिच्यावर हात टाकण्याआधी पुरावा हवा म्हणून माझ्याकडे आले. हातावर सगळ्या जागा सपाट राहिल्या, एक सोडून. झुरळ. मास्तर संतापले. "माझ्या घरात झुरळं? शक्य नाही!" थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "शेजाऱ्याकडून येत असतील."

मी हसले, पण चिडलेही. आयुष्यभर हेच बघितलं. माणसं देखण्या फुलावर आळ घेतात. जास्वंद, झेंडू, गुलाब, बोगनवेल. या फुलांचा पराग जड आणि चिकट असतो, मधमाशी नाहीतर फुलपाखरू येऊन तो नेतं, म्हणून तर त्यांना रंग आणि वास लागतो. छातीत जाणारा पराग ज्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही अशा झाडांचा असतो. त्यांचं सगळं काम वारा करतो, त्यांना नटायची गरज नसते. अशा झाडांत आपल्याकडचं एक नाव म्हणजे एरंड.

एरंड आपलाच. कुणी परदेशातून आणून लावला असं आमच्या कुठल्याच पिढीला आठवत नाही. बांधावर, उकिरड्यावर, ओढ्याच्या कडेला कुठेही येतो. होळीत मधोमध रोवायला एरंड, सुजेवर बांधायला एरंडाचं पान, वर्षाचा गहू साठवताना चोळायला एरंडेल. माझं माहेर सांगलीकडचं, हळदीचं. आमच्या वावरात हळदीच्या कडेने एरंड असायचाच. हळदीला उन्हाळ्यात सावली लागते, आल्यालाही लागते, आणि एरंड झपाट्याने वाढून हातभर पानांची सावली देतो. शिवाय पानं खाणारी अळी आधी त्याच्यावर जाते, पीक वाचतं. म्हणजे गुणी झाड. मला त्याच्याशी काही वैर नाही. पण त्याचा तुरा नीट बघा. वर तांबूस, केसाळ दिसतात ती मादीफुलं. खाली पिवळसर गोळे असतात ती नरफुलं. कोरड्या सकाळी ऊन तापलं की हे गोळे फुटतात आणि पराग अक्षरशः फेकतात. एका झाडाखाली उभं राहून पांढरी ओढणी झटकलीत तर पिवळी झाक दिसेल.

कोरोना नुकताच सरला होता, कुणी खोकलं की लोक अजून दोन पावलं मागे सरत, त्या वर्षी दिवाळीनंतर रूपाली आली. कोरेगाव बाजूच्या गावची, वय सत्तावीस-अठ्ठावीस. सोबत सासरे. त्यांना गावात सगळे तात्या म्हणतात, घरात सूनही तात्याच म्हणते. नवरा फौजेत, कुठेतरी बर्फात. तीन वर्षांची मुलगी, आर्या. सासू वारलेली. घर, दोन म्हशी आणि आल्याची भांगलण, म्हणजे बसून तण काढणं, सगळं रूपालीच्या अंगावर. एवढी माहिती मला तात्यांनी दिली, कारण मी रूपालीला काही विचारलं की उत्तर तेच देत.

"त्रास कधीपासून होतो?"

"नाटकी खोकला हाय," तात्या म्हणाले. "लगीन होऊन आली त्या सालापासनं. आन गंमत सांगू का बाई, दिवाळीला म्हायेरी गेली की खोकला बंद! शिराळ्याकडं हाय म्हायेर. आठ-धा दिस टकाटक. परत आमच्या उंबऱ्यात पाय टाकला की सुरू. आता ह्याला काय म्हणायचं?"

रूपाली खाली बघत होती. तिच्या खांद्यांकडे लक्ष गेलं माझं. दम्याचं माणूस श्वास घेताना खांदे उचलतं. नाटक करणाऱ्याला ते सुचत नाही.

तात्या ज्याला नाटकाचा पुरावा म्हणत होते तो माझ्या दृष्टीने आजाराचा पुरावा होता. जागा बदलली की धाप थांबते याचा अर्थ जागेत काहीतरी आहे. शिराळ्याकडे तिच्या माहेरी भात. इथे सासरी आलं. मी तिथेच मनात म्हणाले, एरंड. थेंब टाकले, टोचलं. एरंडाच्या थेंबाखाली जी गांध उठली ती बघून मीही चरकले. रुपयाच्या नाण्याएवढी. बाकी हात सपाट. रूपालीने फक्त एवढंच विचारलं, "खाजवू का वाईच?"

आता माझी चूक सांगते. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं, 'अव्हॉइड कॅस्टर'. खाली औषधं आणि तोंडाने घ्यायचा पंप. त्या दिवशी बाहेर गर्दी होती. मी कागद तात्यांच्या हातात दिला आणि दारातच म्हणाले, "एरंडाची ॲलर्जी आहे, एरंडापासून लांब ठेवा." तात्यांनी मान डोलावली. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. दोन मिनिटं जास्त बसले असते तर? पण बसले नाही. आमच्या धंद्यात सगळे यंत्राची काळजी घेतात, थेंबांना फ्रिजमध्ये जपतात, आणि निष्कर्ष मात्र माणसाच्या अंगावर असा फेकतात.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत रूपाली पुन्हा आली. या खेपेला रिक्षातून, ओठ काळेनिळे. आधी वाफारा, ऑक्सिजन. तासाभराने ती बोलण्याच्या अवस्थेत आली तेव्हा मी तात्यांना विचारलं, "मी सांगितलं होतं ना, एरंडापासून लांब ठेवा?"

तात्या दुखावले. "आवं बाई, केलंय की समदं! घरातली एरंडेलाची बाटली फेकून दिली. गव्हाला या साली एरंडेल लावलं न्हाई, बोरिक पावडर लावली. आर्याच्या डोक्याला लावत हुती ती, त्येबी बंद. होळीतसुद्धा एरंड रोवला न्हाई आमी, ऊस रोवला. गावानं नावं ठिवली, तरी ऐकून घेतलं. आनखी काय करायचं मानसानं?"

"आणि झाडं?"

"कंची झाडं?"

"एरंडाची. आल्यातली."

"ती हायत की. ती आल्याला हायत."

मी डोक्याला हात लावला. वर्षभर त्या घराने निष्ठेने, पथ्य म्हणून, तेल पाळलं होतं. ज्या तेलाचा तिच्या धापेशी काडीचा संबंध नव्हता ते तेल. आणि तिच्या खिडकीबाहेर एरंड तुऱ्यावर आला होता. रोज सकाळी ऊन तापायच्या वेळेला ती त्याच्याच खाली भांगलायला बसत होती. पंपाचं विचारलं तर कळलं, पंप आणलाच नव्हता. "त्येची सवं लागती म्हनत्यात," तात्या म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल! चष्म्याची सवय लागलेली चालते, तंबाखूची चालते, बाईच्या छातीत हवा जाण्याची सवय लागली की मात्र घराण्यावर संकट येतं.

त्या रविवारी मी स्कूटीच्या पायाशी सूक्ष्मदर्शकाची पेटी ठेवून त्यांच्या गावी गेले. डॉक्टर म्हणाले, "हे आपलं काम नाही." मी म्हटलं, रविवारी मी कुणाची नोकर नाही. आदल्या दिवशी रूपालीच्या हाती काचेच्या दोन पट्ट्या पाठवल्या होत्या, एक तिच्या खिडकीत ठेवायची, एक आल्याच्या सरीत. घर नीटनेटकं होतं. खिडकीपासून दोन हातांवर वावर सुरू होत होतं. पश्चिमेच्या कडेने एरंडाची रांग, माणसाच्या दीडपट उंच, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला तुरा. आल्याचा पाला कडेने पिवळा पडायला लागला होता. पीक काढणीकडे झुकलं होतं, उन्हाचे दिवस सरले होते. म्हणजे ज्या सावलीसाठी हे चाललं होतं तिची आता आल्यालाही गरज नव्हती. तात्यांना हे माझ्याहून चांगलं कळत होतं.

काचेला रंग देऊन मी पेटीतला सूक्ष्मदर्शक ओट्यावर मांडला. जुना, आरशाचा, उन्हावर चालणारा. तात्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"ह्ये व्हय? जोंधळ्यागत दिसतंय. आन तीन चिरा."

"तोच एरंडाचा पराग. सगळी काच भरली आहे बघा."

"आवं पन बाई, डोळ्याला दिसंना एवढंसं ह्ये, आन ह्येनं मानूस आडवं पडतंय?"

"कोरोना दिसत होता का तात्या?"

ते हसले. माणूस दुष्ट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. आर्या त्यांच्या मांडीवर चढून काचेत बघायचा हट्ट करत होती आणि तिला ते प्रेमाने दाखवत होते. म्हणूनच मला जास्त राग येतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

"एवढे एरंड काढून टाका," मी म्हटलं. "पुढच्या लावणीला सावलीसाठी तूर लावा, शेवगा लावा."

"कृषीच्या सायबांनी एरंड सांगितला हुता. आल्याला ऊन लागलं तर कोंब जळतो. तुमाला काय ठावं बाई."

"मी हळदीच्या घरातली आहे. मला ठाऊक आहे. आणि सुनेचं काय?"

"सुनंला काय हुतंय? सावलीतच भांगलती की."

मी म्हटलं, "बरं, झाड राहू द्या. नुसते तुरे मोडा. पिवळ्या कळ्या दिसल्या की तुरा खुडायचा. पानं राहतील, सावली राहील."

"आन लोक काय म्हनतील? सुनंच्या खोकल्यापायी म्हातारा वावरात फुलं खुडत फिरतोय?" त्यांनी आर्याला खाली उतरवलं. "सरळ सांगतो बाई. संक्रांतीपातूर बघनार. न्हाई थांबलं तर शिराळ्याला पोचवून येनार. पोरगी आमच्याकडंच ऱ्हाईल. आजारी बाईमानूस सांभाळाया घरात दुसरं बाईमानूस लागतं, त्ये कुठनं आनू? पोराचं वय काय झालंय आजून..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. दारात रूपाली चहाचे कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप ठेवले आणि आत गेली. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला, तोंडावर पदर दाबून काढलेला. मी तिथल्या तिथे तिच्या नवऱ्याला फोन लावायला सांगितला. तो लागला. आवाज तुटक येत होता. मी काय ते सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तात्या म्हणतील तसं करू." देशाच्या सीमेवर उभा राहणारा जवान स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात मात्र तात्यांच्या मागे उभा होता.

मी पेटी आवरायला लागले तेव्हा तात्यांना उबळ आली. मोठी, वाकवणारी. उबळ थांबल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बघा, मला न्हाई का खोकला? तीस वर्सं खोकतोय. बिडी सोडून जमाना झाला तरी खोकतोय. मी म्हनतो का एरंडाचा हाय? काढा पितो आन कामाला लागतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग या साताऱ्याला. टोचते तुम्हालाही."

"टोचा की! काय उठत न्हाई बगा. आन न्हाई उठलं तर मग तुमी परत एरंडाचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," मी म्हटलं. आणि स्कूटीवर बसल्यावर मनात आलं. नसलंच उठलं तर? बिडीने पोखरलेली छाती असली, साधा जुना खोकला असला, तर रूपालीची शिराळ्याची वाट मीच मोकळी करून दिली होती.

आठवड्याने रूपालीच्या तपासणीला दोघं आले. डॉक्टरांना सांगून मी तात्यांचाही केसपेपर काढला. त्यांनी सदऱ्याची बाही अशी सरकवली जणू कुस्तीला उतरताहेत. थेंब टाकताना विचारत होते, "ह्यो कशाचा? झुरळाचा? शी! आन ह्यो?" मी एरंडाचा थेंब कुठला ते सांगितलं नाही. टोचून झालं. मी घड्याळाकडे बघत बसले. रूपाली भिंतीशी बाकावर बसली होती. तात्या पहिल्यांदा जोरजोरात बोलत होते, साखर कारखान्याचं, पावसाचं. मग बोलणं कमी झालं. मग त्यांचा दुसरा हात नकळत पहिल्या हाताकडे जायला लागला.

"खाजतंय का तात्या?"

"छ्या. वाईच मुंगी चावल्यागत."

वीस मिनिटांनी मी पट्टी लावली. किती भरली ते सांगत नाही. एवढंच सांगते की गांध स्पष्ट उठली होती, एरंडाच्याच थेंबाखाली, आणि ती सुनेच्या गांधेपेक्षा लहान होती.

तात्या त्या गांधेकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, ह्येनं मानूस मरतंय का?"

वर्षभर सून त्यांच्यासमोर धापा टाकत होती. रिक्षातून ती काळीनिळी होऊन आली होती. तेव्हा हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली, दमा आहे म्हणून सांगितलं, पंप लिहून दिला. सवय लागण्याचा विषय कुणी काढला नाही. तात्यांनी तिथेच मेडिकलमधून पंप घेतला, दोन वेळा ओढून कसा घ्यायचा ते माझ्याकडून शिकून घेतलं आणि तिसऱ्यांदा बरोबर घेऊन दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीचा फोन आला. मागून कोयत्याचे घाव ऐकू येत होते.

"बाई, तात्या एरंड तोडायला लागल्यात. सकाळधरनं. तोंडाला टावेल बांधलाय. येक बी ठेवत न्हाईत, मुळासकट काढाया लागलेत. मला म्हनले, तू आत बस, दार लावून घे."

मी म्हटलं, छान झालं. खरंच म्हटलं, मनापासून. ती शिराळ्याला जाणार नव्हती, तिची पोरगी तिच्याजवळ राहणार होती. पंधरा दिवसांत तिची धाप उतरली. पण फोन ठेवल्यावर मला आनंदाच्या जागी जो संताप आला तो आजही गेलेला नाही. पाच वर्षं ती बाई वावरातला एरंड सोसत होती. कागद होता, हातावरची गांध होती, काचेवरचे कण होते, ऑक्सिजनची नळी होती. यातल्या कशानेही जी झाडं हलली नाहीत ती म्हाताऱ्याच्या हातावर एक बारकी गांध उठताच एका सकाळीत जमीनदोस्त झाली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला लाज वाटली, की मी तिच्या हाताच्या जोरावर नाही, त्यांच्या हाताच्या जोरावर जिंकले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती पोटात ठेवली असती. पण मार्चमध्ये मला त्या गावातून निमंत्रण आलं. महिला दिनाचा कार्यक्रम, ग्रामपंचायतीसमोर मांडव, मी प्रमुख पाहुणी. आणि सत्कार कुणाचा? तात्यांचा. 'आदर्श सासरे' म्हणून. मी पत्रिका दोनदा वाचली.

मांडव भरला होता. बायका सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर, महिला दिनालाही. सरपंचांनी तात्यांना शाल पांघरली, श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींचा आवाज भरून आला. "सुनेच्या एका श्वासासाठी ज्यांनी आपल्या उभ्या पिकावर पाणी सोडलं, असे हे तात्या!" पीक तर चांगलं निघालं होतं, आल्याला दरही बरा मिळाला होता, हे मांडवातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत होतं. तरी टाळ्या कडाडल्या. तात्या संकोचले होते, हे मी पाहिलं. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलंही, आणि लगेच नजर काढून घेतली. बोलायला उभे राहिले तेव्हा म्हणाले, "माझी सून न्हाई, लेक हाय ती." पुन्हा टाळ्या.

लेक मांडवात नव्हती. पाहुण्यांच्या चहापोह्यांसाठी ती ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत होती.

मग माईक माझ्या हातात आला. खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी समोर बघितलं. शाल पांघरून बसलेला म्हातारा, त्याच्या मांडीवर आर्या, हसरा सरपंच, हाताची घडी घालून कौतुकाने बघणारे गुरुजी. मनात म्हटलं, कार्यक्रमाचा मान राखावा. मनात म्हटलं, मी जाईन निघून, रूपालीला इथेच राहायचं आहे. आणि मी एरंडाच्या परागांबद्दल बोलले. तुरा कसा असतो, पराग कधी उडतो, तूर आणि शेवगा कसे चांगले. पंप घ्यायला लाजू नका. पाच मिनिटं बोलून मी तात्यांचं अभिनंदन केलं. होय, केलं. आणि खाली बसले.

कार्यक्रमानंतर मी मागच्या खोलीत गेले. रूपाली कप विसळत होती. अंगाने भरली होती, खांदे खाली उतरले होते, श्वास शांत चालला होता. तिने माझ्यासाठी वेगळा ठेवलेला चहा गाळला.

"समदं ऐकू येत हुतं हितं," ती म्हणाली. "भोंगा भायेरच हाय."

"मी काही बोलले नाही, रूपाली. तुला घरात त्रास झाला असता."

"आसं मला इचारलं का तुमी?"

तिने गाळणं झटकून बाजूला ठेवलं.

"बाई, तुमी माझा जीव वाचवला, त्ये मी ईसरनार न्हाई. पन एक सांगू? पाच वर्सं मी समद्यांचं ऐकून घेतलं. नाटकी म्हनले, रोगी म्हनले, म्हायेरला घालवतो म्हनले. मला उलटं बोलता येत न्हवतं आसं न्हाई. बोलाया लागले की धाप लागायची, येक वाक्य पुरं व्हायचं न्हाई. म्हनून गप बसायची मी." तिने कप माझ्या हातात दिला. "तुमच्या हातात तर माईक हुता. तुमास्नी कुठं धाप लागली हुती?"

ती ट्रे उचलून बाहेर मांडवाकडे गेली. मी तो चहा उभ्यानेच, मान खाली घालून प्यायले.